गरीचा तरंगा घरीच करा

आमच्या भंडारा-गोंदियाकडे गळाला गरी म्हणतात. तलावाच्या पाळीवर वाढलेले पोट्टे आठ-नऊ वर्षांचे झाले की गरी टाकायला आपोआप शिकतात, त्यांना कुणी शिकवत नाही. हा लेख त्यांच्यासाठी नाही. बदली होऊन इकडे आलेले शिक्षक, शहरातून गावी परतलेली मंडळी, दिवाळीत मामाच्या गावी आलेली भाचरं अशांसाठी हा लिहितो आहे. ही मंडळी मोठ्या हौसेनं गरी घेऊन बसतात आणि तासाभरात कंटाळून उठतात, कारण मासोळी लागत नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बघतो तर दहातल्या आठ वेळा दोष गरीचाही नसतो आणि आमिषाचाही नसतो. दोष असतो तरंग्याचा.

तरंगा म्हणजे दोरीला लावलेली ती तरंगणारी वस्तू. कुणी तिला बुच म्हणतं, कुणी तरंड. बाजारात लाल-पांढरा प्लास्टिकचा गोळा मिळतो, नवखा माणूस तोच घेतो. तो गोळा पाण्यावर चेंडूसारखा अर्धा बाहेर राहून डोलत असतो. खाली मासोळी आमिष तोंडात घेते आणि निघते. निघताना तिला तो अख्खा गोळा पाण्यात ओढावा लागतो. तोंडाला ओढ लागली की ती आमिष सोडून देते, आणि वर बसलेल्याला गोळा जरासा हलल्याशिवाय काहीही दिसत नाही. त्याला वाटतं, तलावात मासोळ्याच नाहीत.

तरंगा किती तरंगतो याला महत्त्व नाही. तो जेमतेम तरंगला पाहिजे. त्याच्याखाली इतकं वजन हवं की वर फक्त टोक दिसावं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. मग मासोळीनं नुसतं तोंड लावलं तरी टोक बोलतं. पुढचं सगळं एवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

आधी परवानगी

सामान गोळा करण्याआधी एक काम करा. ज्या तलावावर बसणार त्याचा ठेका कुणाकडे आहे ते गावात विचारा. आमचे मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांच्या ताब्यातले तलाव, गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधले. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. आज बहुतेक तलावांवर मासेमारीचा ठेका ढिवरांच्या सहकारी संस्थांकडे असतो. रोहू, कतला, मृगळ यांचं बीज ते पदरचे पैसे खर्चून तलावात सोडतात. त्यांना न विचारता गरी टाकणं म्हणजे दुसऱ्याच्या बांधीतलं धान कापणं. विचारलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही, उलट कोणत्या कोपऱ्यात बसायचं तेही सांगतात. नवेगाव-नागझिरा आणि ताडोबाच्या हद्दीतल्या पाण्यात मात्र गरी न्यायचीच नाही.

तरंगा कशाचा करावा

भेंड सगळ्यात उत्तम. लग्नातली बाशिंगं ज्या पांढऱ्याशुभ्र, हलक्या गाभ्याची करतात तेच हे भेंड. पावसाळ्यात ते धानाच्या बांध्यांत आणि तलावाच्या उथळ कडेला वाढतं. धानकापणीच्या सुमारास त्याचे दांडे काढून घ्यावेत. बोटाएवढा जाड दांडा मिळाला तरी पुरे. वरची तपकिरी साल काढली की आत मऊ गाभा निघतो. हातावर ठेवला तर वजन कळतच नाही.

ते नसेल तर काटेसावरीच्या वाळलेल्या फांदीचं लाकूड घ्या, तेही फार हलकं असतं. पांगाऱ्याचंही चालतं. तलावाकाठी बेशरम रानासारखी माजलेली असते, तिचा वाळलेला दांडा आतून पोकळ आणि हलका असतो. दोन्ही टोकं बंद केली की तरंगा तयार. बेशरमीचा चीक मात्र विषारी आहे, ढोरंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत. ओली फांदी कापली तर हात साबणानं धुवा आणि लहान मुलांच्या हाती ते काम देऊ नका. जुन्या हवाई चपलेचा रबरही उत्तम चालतो. पाणी पीत नाही, रंग नाही दिला तरी वर्षानुवर्षं टिकतो, फक्त पॉलिश पेपरनं नीट घासला जात नाही. त्याला धारदार ब्लेडनंच आकार द्यावा लागतो.

ज्वारीच्या धांड्याचा गाभा हाताशी असतो, लहानपणी त्याच्याच बैलगाड्या केलेल्या असतात, म्हणून नवखे आधी तिकडेच वळतात. मीही वळलो होतो. माझा पहिला तरंगा धांड्याचा होता आणि मी त्याला रंग-रोगण काही केलं नव्हतं. तलावावर बसल्यावर तासाभरानं तो हळूहळू खाली जायला लागला. मी झटका मारला, गरी रिकामी. पुन्हा टाकली, पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा शेजारी बसलेल्या ढिवर आबाजींनी माझा तरंगा हातात घेतला आणि नखानं दाबला. नखाच्या कडेनं पाणी निघालं. "पाणी पेला हा, बाबू," एवढंच ते म्हणाले आणि आपल्या डब्यातला भेंडाचा एक तरंगा काढून मला दिला. तो माझ्याकडे अजून आहे. धांडा वापरायचाच असेल तर वार्निशचे तीन हात दिल्याशिवाय पाण्यात घालू नका.

थर्माकोल पॅकिंगमधून फुकट मिळतो आणि तरंगतोही छान. पण तो घासला की दाणे उडतात, ते वेचून कचऱ्यात टाका, तलावात जाऊ देऊ नका. आणि नेलपॉलिश किंवा थिनर घातलेला रंग त्याला थेट लावू नका, थर्माकोल विरघळून खड्डा पडतो. आधी फेविकॉलचे दोन थर देऊन वाळवा, वर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग द्या.

मोरपिसाच्या दांडीची गोष्ट वेगळी आहे, तिला काही करावंच लागत नाही. पावसाळा सरता सरता मोर पिसारा झाडतात तेव्हा शेतात, नाल्याकाठी पिसं पडलेली सापडतात. अशी आपोआप गळलेली पिसंच घ्या. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला पूर्ण संरक्षण आहे. पिसाची दांडी आतून भेंडासारखीच भरलेली आणि बाहेरून मेणचट असते, त्यामुळे ती पाणी पीत नाही. जाड बुंध्याकडचा वीतभर तुकडा कापा. कडेचे केस ब्लेडनं तासून काढा, ओढून उपटू नका, नाहीतर दांडीची सालही त्यांच्यासोबत निघते. कापलेल्या तोंडावर मेणबत्तीचं मेण थेंबभर टाका. झाला तरंगा. हिवाळ्यात मासोळी हलकेच तोंड लावते तेव्हा याच्यासारखा दुसरा नाही.

भेंडाचा तरंगा, पायरीपायरीनं

पहिला तरंगा भेंडाचाच करा, कारण चुकला तरी पाच मिनिटांत दुसरा होतो.

दांडे सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या. उन्हात टाकले तर तडकतात. वाळलेल्या दांड्यातून चार सेंटीमीटरचा सरळ, गाठ नसलेला तुकडा कापा. ब्लेड कोरं करकरीत हवं. बोथट ब्लेडनं भेंड कापलं जात नाही, चेपतं, आणि चेपलेली जागा पुन्हा फुगत नाही.

आता आकार देण्याच्या आधी भोक पाडा. बहुतेक जण उलट करतात. छान घासून गोटी करतात, मग भोक पाडायला जातात आणि भोक तिरकं जातं. तिरक्या भोकाचा तरंगा पाण्यात कधीच सरळ उभा राहत नाही. तुकडा जाड असतानाच दाभण घ्या, बरोबर मध्यावर टेकवा आणि चिमटीत फिरवत फिरवत आत न्या. अर्ध्यापर्यंत एका बाजूनं, मग उलटून दुसऱ्या बाजूनं. दाब देऊ नका, फक्त फिरवा. सावरीच्या लाकडाला दाभण पुरणार नाही. तिथे सायकलचा जुना स्पोक विस्तवावर लाल करून वापरा, तो साधारण दोन मिलिमीटर जाड असतो आणि भोक नेमकं तेवढंच पडतं.

दांडीसाठी बांबूची बारीक काडी लागते. बुरडाकडे टोपल्या विणताना उरलेल्या कमच्या मिळतात, त्यातली एक तासून गोल करा. ते जमत नसेल तर उदबत्ती पाण्यात भिजवून तिचा मसाला धुवून काढा, आतली काडीही बांबूचीच असते. काडी अठरा सेंटीमीटर ठेवा. भेंड तिच्यावर असं सरकवा की वर चार सेंटीमीटर काडी उरेल आणि बाकीची खाली. खालची काडी लांब असली की तरंगा ताठ उभा राहतो, वाऱ्यानं लवंडत नाही. जागा ठरली की भोकाच्या दोन्ही तोंडांशी अ‍ॅरल्डाइट लावून रात्रभर राहू द्या.

दुसऱ्या दिवशी घासायचं. १२० नंबरचा पॉलिश पेपर डाव्या हातात पन्हाळीसारखा धरा, त्यात भेंड ठेवा आणि उजव्या हातानं काडी चिमटीत गोल गोल फिरवा. गावात कुणाकडे ड्रिल मशीन असेल तर काडीचं खालचं टोक तिच्यात पकडून हळू फिरवता येतं, दोन मिनिटांचं काम होतं. पण भेंड इतकं मऊ असतं की मशीनवर एक क्षण जास्त धरलं तरी अर्धं उडून जातं. मी हातानंच करतो. मधोमध बारा मिलिमीटर जाड आणि दोन्हीकडे निमुळतं, चरख्याच्या चातीवरच्या सुतासारखं झालं की थांबा. शेवटचा हात २२० नंबरच्या पेपरनं.

मग वार्निश. पहिला हात भेंड पूर्ण पिऊन टाकतं, लावला होता की नाही अशी शंका यावी इतकं. तो वाळू द्या, मग दुसरा, मग तिसरा. प्रत्येक हातामध्ये चोवीस तास जाऊ द्या आणि तरंगा कपड्यांच्या चिमट्याला लावून टांगा, म्हणजे कुठे टेकून डाग पडणार नाही. भोकाच्या तोंडाशी आणि काडीच्या खालच्या टोकाला वार्निश जास्त लावा. पाणी तिथूनच शिरतं.

टोकाचा रंग शेवटी. सकाळी पाळीच्या झाडांची सावली पाण्यावर असते, तिच्यात भगवा किंवा पिवळा उठून दिसतो. पण दुपारी पाण्यात आभाळ चमकत असताना भगवं टोक दिसेनासं होतं. तेव्हा काळं टोक दिसतं. मी एका तरंग्याला भगवं आणि दुसऱ्याला काळं टोक ठेवतो आणि ऊन बघून बदलतो. शरीराला हिरवा किंवा मातकट रंग द्या, नाही दिला तरी चालतं.

बादलीतलं काम

इथे घाई केली तर आधीची सगळी मेहनत फुकट जाते, म्हणून या भागावर जरा जास्त वेळ घालवतो.

वजनासाठी दुकानात शिशाचे छरे मिळतात. मी ते वापरत नाही. शिसं विषारी आहे आणि बहुतेक लोक ते दातानं चावून दोरीला बसवतात. तुटलेली दोरी तलावात राहते तेव्हा शिसंही तिथेच राहतं. पाण्यातले पक्षी पोटात अन्न दळायला खडे गिळतात, त्यात हे छरे जातात. इंग्लंडात हंस असे मरू लागले तेव्हा १९८७ मध्ये गळाला लावायच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. आपल्या गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत आणि तलावांत सारस वावरतात, महाराष्ट्रात ते फार थोडे उरले आहेत. त्यांच्या पोटात शिसं जाऊ नये एवढं तर आपण करू शकतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची कथलाची तारही बहुतेक वेळा शिसं मिसळलेलीच असते, तीही नको.

त्याऐवजी तांब्याची तार घ्या. शेतीपंपाच्या मोटारी भरणाऱ्या दुकानात जळालेल्या वाइंडिंगची तार किलोनं पडलेली असते, मूठभर मागितली तर देतात. एक मिलिमीटर जाडीची तार मिळाली तर हिशेब सोपा होतो. तिच्या दहा सेंटीमीटरचं वजन सुमारे ०.७ ग्रॅम भरतं.

आता तरंग्याला किती वजन लागेल? आपलं भेंड साधारण दोन घन सेंटीमीटरचं आहे. ते पूर्ण बुडालं तर दोन घन सेंटीमीटर पाणी बाजूला सारतं, म्हणजे दोन ग्रॅमला आधार देतं. भेंडाचं स्वतःचं वजन नगण्य. म्हणजे खाली दोन ग्रॅमच्या आसपास ओझं हवं, साधारण तीस सेंटीमीटर तार. हा झाला अंदाज. तार पस्तीस सेंटीमीटर घ्या आणि बादलीत बसा.

बादली काठोकाठ भरा. तरंग्याच्या खालच्या टोकाला तार सैलसर गुंडाळा आणि वापरणार ती गरीही बांधा, कारण गरीचंही वजन असतं. पाण्यात सोडा. पस्तीस सेंटीमीटर तारेनं तो बहुधा बुडेल. काढा, अर्धा सेंटीमीटर तार कापा, पुन्हा सोडा. असं करत करत एक वेळ अशी येते की तरंगा बुडत नाही, भेंड पूर्ण पाण्याखाली आणि रंगवलेल्या काडीचं नुसतं टोक वर येतं. अजून थांबू नका. टोक अजून थोडं वर यायला हवं. इथे तार कापताना मिलिमीटरनं कापा. शेवटी टोक सेंटीमीटरभर वर राहिलं की पुरे. बोटानं टोकाला हलका स्पर्श करून बघा, तरंगा सहज खाली जाऊन सावकाश वर आला पाहिजे. फटकन उसळला तर वजन कमी आहे.

तलावावर आमिष लावल्यावर टोक आणखी थोडं खाली जातं. कणकेचा गोळा जड असतो, गांडूळ हलकं. म्हणूनच बादलीत सेंटीमीटरभर राखायचं, हरभऱ्याएवढं नाही.

जमलं की तारेचे तीन तुकडे करा. दीड ग्रॅमच्या आसपास एक मोठा, राहिलेल्याचे दोन छोटे. कापलेली टोकं कानसीनं गोल करा, नाहीतर तीच दोरी कापतात.

दोरीवर मांडणी

काठी बांबूची आठ ते दहा फुटांची. दोरी म्हणजे तंगूस, नायलॉनचा बारीक धागा, ०.२० ते ०.२५ मिलिमीटर जाडीचा, काठीएवढाच लांब. जाड तंगूस पाण्यात दिसतो आणि तरंग्याला खेचतो. गरी लहान ठेवा, जिचं तोंड तुरीच्या दाण्याएवढं असेल अशी. मोठ्या गरीनं मोठी मासोळी लागते हा समज नवख्यांत पक्का बसलेला असतो. प्रत्यक्षात लहान गरीत अर्ध्या किलोचा रोहू बेलाशक निघतो, आणि मोठ्या गरीला लहान मासोळ्या नुसतं आमिष खाऊन जातात.

तरंगा दोरीला बांधायचा नाही, अडकवायचा. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी मिळते. तिचे सेंटीमीटरभराचे तुकडे कापा. तंगूस आधी दोन तुकड्यांतून ओवा, मग एक तुकडा तरंग्याच्या भेंडावरच्या काडीवर चढवा आणि दुसरा खालच्या टोकावर. दोरी रबर आणि काडीच्या मध्ये दाबली जाते. ओल्या बोटांनी सरकवली तर सरकते, एरवी जागा सोडत नाही. ही ओवण्याची पायरी गरी बांधण्याच्या आधी करायची असते. दरवर्षी कुणी ना कुणी गरी बांधून बसतो आणि मग ती पुन्हा तोडतो.

वजनंही अशीच लावतो. नळीचा तुकडा तंगुसात ओवायचा, त्यात उदबत्तीच्या काडीचा छोटा तुकडा पाचर म्हणून दाबायचा आणि वरून तांब्याची तार घट्ट गुंडाळायची. तार तंगुसाला लागत नाही, तंगूस सोलला जात नाही आणि वजन वर-खाली सरकवता येतं. नळीचंही थोडं वजन धरा, म्हणजे बादलीत एकदा पुन्हा बघा.

मोठं वजन गरीपासून दीड फुटावर. पहिलं छोटं त्याच्या खाली, मध्यावर. दुसरं छोटं गरीपासून सहा इंचांवर. हे शेवटचं छोटं वजन फार कामाचं आहे, पुढे सांगतो.

वारा सुटला की पाण्यावरची दोरी कमानीसारखी वाकते आणि तरंगा तिच्यामागे ओढला जातो. तेव्हा वरची नळी काढून टाका, तरंगा फक्त खालच्या टोकानं लावा आणि काठीचं टोक पाण्यात बुडवून दोरी बुडवा. वारा वरून जातो, तरंगा जागेवर राहतो. वैनगंगेच्या वाहत्या पाण्यात मात्र दोन्ही नळ्या हव्यातच, आणि तरंगाही वेगळा हवा: भेंड वरच्या बाजूला जाड, वजन तीन-चार ग्रॅम, नाहीतर प्रवाह त्याला आडवा करतो. गोसेखुर्द धरणाच्या खाली बसत असाल तर दारं उघडल्यावर पाणी अचानक वाढतं, भोंगा वाजला की सामान उचलून आधी वर या.

खोली मोजणं

तलावाच्या तळाशी आमिष टेकलं आहे की मध्येच लटकलं आहे हे माहीत नसेल तर बसण्यात अर्थ नाही. गरीला एक नट अडकवा, तरंगा बुडवेल एवढा जड. दोरी टाका. तरंगा पूर्ण खाली गेला तर पाणी तुमच्या मापापेक्षा खोल आहे, तरंगा वर सरकवा. तो आडवा पडला किंवा जास्त वर राहिला तर पाणी कमी आहे, खाली सरकवा. टोक बरोबर पाण्याच्या पातळीला आलं की गरी नेमकी तळाला टेकलेली आहे. त्या जागी तंगुसावर रंगीत दोऱ्याची एक गाठ मारा, म्हणजे पुन्हा मोजावं लागणार नाही. दोन हात डावीकडे, दोन हात उजवीकडे असंही मोजून बघा. मालगुजारी तलावांचा तळ सपाट वाटतो पण गाळ काढलेल्या जागी एकदम कंबरभर खड्डा असतो, आणि थंडीत मासोळ्या तिथेच गोळा होतात.

आता कोणती मासोळी हवी त्यावर ठरवा. मृगळ तळाशी चरतो, त्याच्यासाठी आमिष तळाला टेकवा. रोहू मधल्या पाण्यात असतो, तळापासून फूट-दीड फूट वर. कतला वरच्या थरात, त्याच्यासाठी तरंग्याखाली दीड-दोन फूटच दोरी ठेवा. शिंगाड्याच्या वेलीच्या कडेला, मोकळ्या पाण्याच्या फटीत टाकायला शिका. वेलीच्या आत मात्र नको, गरी अडकते आणि शिंगाडा लावणाऱ्याचं नुकसान होतं.

आमिषाबद्दल थोडक्यात: गांडूळ सगळ्यांना चालतं. रोहूला कणकेत थोडी शेंगदाण्याची ढेप मळून वाटाण्याएवढी गोळी. जागेवर आधी मूठभर धानाचा कोंडा ओल्या मातीत कालवून टाका आणि पंधरा मिनिटं थांबा.

टोक काय सांगतं

टोक थरथरलं, थांबलं, पुन्हा थरथरलं, तर लहान खवल्या आमिष कुरतडत आहेत. झटका मारू नका.

टोक एकदम सरळ खाली गेलं की रोहू किंवा तिलापिया. मनगटानं हलका झटका पुरे, खांद्यानं मारलेल्या झटक्यानं तंगूस तुटतो.

टोक खाली न जाता वर आलं, तरंगा पाण्यातून उंच झाला किंवा आडवा पडला, तर नवख्याला वाटतं काहीतरी बिघडलं. तेव्हाच झटका मारायचा असतो. तळावरचं आमिष मृगळानं उचललं की गरीजवळचं ते छोटं वजनही उचललं जातं आणि तरंग्यावरचा भार कमी होतो. बाजारच्या गोळ्यावर हे कधीच दिसत नाही. तरंगा बादलीत नीट भरलेला असेल तरच दिसतं.

तरंगा सावकाश बाजूला चालू लागला तर शिंगी किंवा मागूर असू शकते, नाहीतर खेकडा. शिंगीच्या पाखऱ्याचा काटा विषारी असतो. तिला उघड्या हातानं धरू नका, कापडात धरून पक्कडीनं गरी काढा. काटा लागलाच तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा आणि दवाखान्यात जा.

पावसाळ्याच्या सुरुवातीला पोटात गाभोळी असलेल्या मासोळ्या नाल्यानं वर चढतात. त्या लागल्या तर सोडून द्या.

तुटलेला तंगूस एक वीतही पाळीवर टाकू नका. बगळ्यांच्या पायात तो गुंततो, आणि सुटायची धडपड केली की आणखी आवळतो. खिशात घालून घरी आणा.

घरी आल्यावर तरंगे पुसून आडवे ठेवा. वार्निशला चीर गेली आहे का हे नुसतं बघून कळत नाही. महिन्यातून एकदा सगळे तरंगे रात्री पाण्याच्या तांब्यात दांडीसकट दाबून बुडवून ठेवा, वर वाटी पालथी घाला. सकाळी बाहेर काढून पुसा आणि भेंडावर अंगठ्याच्या नखानं हलकं दाबा. नखाच्या कडेला ओल दिसली तर आठवडाभर वाळवा, मग वार्निशचा एक हात द्या आणि पुन्हा बादलीशी बसा, कारण वार्निशचंही वजन असतं.